१६० व्या पानावर थांबलेली खूण

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या भाचीने तिला अतिशय आवडलेली एक कादंबरी आपल्याला वाचायला दिली. ती ३५० पानांची, तरुण वाचकांसाठी लिहिलेली पॅरानॉर्मल थ्रिलर आहे. तिच्यातील सोळा वर्षांच्या नायिकेला मृतांचे आवाज ऐकू येतात आणि तिच्या शाळेतील मुले एकामागून एक नाहीशी होऊ लागतात. पहिली ६० पाने आपण एका बैठकीत वाचली, पुढच्या ८० पानांना आठवडा लागला आणि त्यानंतरच्या २० पानांना तीन आठवडे. आता खूण १६० व्या पानावर आहे आणि पुस्तक उशाशी पडून आहे. ते सोडून द्यावे का, सोडणे हा लेखिकेवर अन्याय ठरेल का, अर्धवट वाचलेल्या पुस्तकाविषयी मत देता येते का, आणि भाचीला काय सांगावे, असे आपण विचारले आहे.

किशोर आणि तरुण वाचकांसाठीच्या कादंबऱ्यांची हस्तलिखिते वाचून अभिप्राय देणे आणि स्वीकारल्या गेलेल्या हस्तलिखितांचे संपादन करणे, हे काम मी बावीस वर्षे करते आहे. या कामात हाती आलेल्या हस्तलिखितांपैकी बरीचशी मध्येच बाजूला ठेवावी लागतात, आणि प्रत्येक वेळी कोणत्या पानावर थांबले व कशामुळे थांबले हे लिहून द्यावे लागते. त्या सवयीतून माझे उत्तर असे आहे, की पुस्तक सोडायला काहीच हरकत नाही, परंतु त्याआधी आपण नेमके कशापाशी थांबलात हे शोधायला एक तास द्यावा. या प्रकारच्या कादंबरीत वाचकाचा पाय जेथे अडतो ती जागा बहुधा योगायोगाची नसते, आणि ती सापडली की आपल्या उरलेल्या प्रश्नांची उत्तरेही तिच्यातूनच मिळतात.

प्रथम अपराधीपणाची गोष्ट बाजूला करू. १६० पाने वाचून झाली म्हणजे उरलेली १९० वाचलीच पाहिजेत, या भावनेचा अभ्यास झालेला आहे. हाल आर्केस आणि कॅथरीन ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नाटकांच्या हंगामी तिकिटांच्या खरेदीदारांपैकी काहींना पूर्ण किंमत आकारली गेली आणि काहींना, कोणताही निकष न लावता, सवलत मिळाली. हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण किंमत मोजलेली मंडळी सवलत मिळालेल्यांपेक्षा अधिक प्रयोगांना गेली. नाटके सर्वांना तीच होती. फरक फक्त गाठीचे किती गेले याचा होता. आपल्या बाबतीत गाठीचे गेले आहेत ते चार आठवडे, आणि पुढची १९० पाने वाचल्याने ते परत मिळणार नाहीत. फ्रेंच लेखक आणि शिक्षक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे जे दहा हक्क मांडले, त्यांत पुस्तक पूर्ण न करण्याचा हक्क तिसऱ्या क्रमांकावर आहे. वाचन लादल्यामुळे पुस्तकांपासून दुरावणारी मुले ते वर्गात पाहत होते आणि त्या अनुभवातून त्यांनी हे लिहिले, म्हणून मला त्याचे मोल वाटते.

किती पाने वाचल्यावर निर्णय घ्यावा, यासाठी अमेरिकेतील ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम पुष्कळांना ठाऊक असतो. पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने पुस्तकाला ५० पाने द्यावीत, आणि त्यानंतर शंभरातून आपले वय वजा करून जे उरेल तेवढी पाने द्यावीत, असा तो नियम आहे. एरवी मला तो आवडतो. थ्रिलरच्या बाबतीत मात्र तो कामाचा नाही, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. पहिली ५० पाने हा अशा कादंबरीचा सर्वांत घोटलेला भाग असतो. प्रकाशकाकडे किंवा साहित्यिक एजंटकडे नमुना म्हणून सहसा तेवढीच पाने जातात, त्यांच्यावरच होय किंवा नाही ठरते, आणि त्यामुळे लेखक ती दहा-दहा वेळा पुन्हा लिहितो. मी अशी हस्तलिखिते पाहिली आहेत, ज्यांची पहिली तीन प्रकरणे चौथ्या-पाचव्या खर्ड्यातली असतात आणि विसावे प्रकरण उघडउघड पहिल्याच खर्ड्यातले असते. आपण ६० पाने झपाटल्यासारखी वाचलीत आणि नंतर पकड सुटली, यात आपल्या एकाग्रतेचा दोष असेलच असे नाही. पुस्तक शेवटपर्यंत तग धरणार आहे की नाही, हे ३५ ते ५० टक्क्यांच्या पट्ट्यात कळते. आपली खूण ४५ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे आपण अगदी परीक्षेच्या जागी थांबला आहात.

त्या पट्ट्यात काय घडते हे जरा सविस्तर सांगते, कारण प्रश्नाचा गाभा तेथे आहे. पॅरानॉर्मल थ्रिलर दोन प्रश्नांवर चालते. पहिला प्रश्न असा, की हे खरोखर घडते आहे का, की नायिकेला भास होत आहेत. दुसरा असा, की पुढे काय होणार आणि त्यातून कोण वाचणार. पहिल्या प्रश्नाबद्दल बल्गेरियात जन्मलेले फ्रेंच समीक्षक त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० साली फार नेमके लिहिले आहे. त्यांच्या मते, घटनेचे स्पष्टीकरण निसर्गनियमांत बसणारे आहे की अलौकिक, याविषयी वाचक जोवर दोलायमान असतो तोवरच तो विशिष्ट अद्भुताचा अनुभव टिकतो, आणि निवाडा झाला की कथा दुसऱ्या प्रकारात जाते. आता अडचण अशी, की तरुणांसाठीच्या बहुतेक पॅरानॉर्मल कादंबऱ्यांत हा निवाडा मलपृष्ठावरच होऊन गेलेला असतो. नायिकेला मृतांचे आवाज ऐकू येतात, हे पुस्तक हातात घेताच आपल्याला समजलेले असते. तरी सुरुवातीची ६०-७० पाने ती स्वतः संभ्रमात असते आणि तिच्या संभ्रमाच्या सोबतीने आपणही रमतो. ज्या पानावर तिला खात्री पटते, त्या पानापासून पुस्तकाचा सगळा भार दुसऱ्या प्रश्नावर येतो. ही सूत्रे बदलण्याची जागा आहे, आणि माझ्या टेबलावरची बहुतेक हस्तलिखिते तेथेच कोसळतात.

दुसरा प्रश्न पेलायचा तर धोका वाचकाच्या डोळ्यांसमोर असावा लागतो. चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ साली फ्रांस्वा त्रुफो यांच्याशी केलेल्या प्रदीर्घ संभाषणात दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर स्फोटाच्या वेळी त्याला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. ठाऊक असेल तर टेबलावरच्या अगदी साध्या गप्पाही पंधरा मिनिटे त्याला बेचैन ठेवतात. अलौकिक कथेत याच्यावर आणखी एक अट येते. तो बॉम्ब काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हेही वाचकाला माहीत असावे लागते. कल्पनारम्य कादंबऱ्यांचे लेखक ब्रँडन सँडरसन यांनी २००७ साली हे नियमाच्या स्वरूपात मांडले, की जादूच्या साहाय्याने संकट समाधानकारकरीत्या सोडवण्याची लेखकाची क्षमता ही वाचकाला ती जादू किती समजली आहे याच्या प्रमाणात असते. ते जादूबद्दल बोलत होते. मी भुतांच्या बाबतीत त्याची उलट बाजूही वापरते. भुताला काहीही शक्य असेल तर त्याची भीती वाटेनाशी होते, कारण मग कोणत्याच गोष्टीसाठी जीव टांगणीला लागत नाही.

एक हस्तलिखित मला आजही पानांच्या आकड्यांसह आठवते. त्यात वसतिगृहात राहणाऱ्या नायिकेला बंद पडलेल्या संगीतकक्षात, कपाटाच्या बाजूने, एका मृत मुलीचा आवाज ऐकू येतो. ३८ व्या पानावर तो आवाज तिला म्हणतो, ‘थांब ना, माझ्या डाव्या बुटाची नाडी सुटली आहे.’ नायिका थांबते. जरा वेळाने तोच आवाज, त्याच स्वरात, तेच वाक्य पुन्हा म्हणतो. ती मुलगी नाडी बांधायला वाकली असताना मेली होती, ती मेली आहे हे तिला ठाऊक नव्हते आणि तिचे सगळे जग त्या नाडीपाशी थांबले होते. हे दीड पान वाचून मी हस्तलिखित खाली ठेवले आणि खोलीतला दुसरा दिवा लावला. मात्र १३१ व्या पानावर नायिकेला मुख्याध्यापकांच्या तिजोरीतली एक वही हवी असते, आणि हाच आवाज तिला तिजोरीचा चार आकडी क्रमांक सांगतो. ती तिजोरी त्या मुलीच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी बसवलेली होती. मी आणखी अकरा पाने वाचली आणि १४२ व्या पानावर थांबले. कथेत तेथे पाठलाग होता, किंकाळ्या होत्या, दिवेही जात-येत होते. मला मात्र आता कशाचीच धास्ती उरली नव्हती, कारण आवाजाला लेखिकेच्या सोयीप्रमाणे काहीही ठाऊक असू शकत होते.

अभिप्रायात मी एवढेच लिहिले, की ३८ व्या पानावरच्या मुलीला नाडीपलीकडचे काहीच माहीत नाही, मग १३१ व्या पानावर तिला हा क्रमांक कोणी सांगितला? चार महिन्यांनी नवा खर्डा आला. त्यात आवाजाला नाडीनंतरचे एक अक्षरही ठाऊक नव्हते, त्यामुळे क्रमांक शोधण्यासाठी नायिकेला स्वतः रात्री त्या कार्यालयात लपून बसावे लागत होते, आणि नेमके कोणी दाराशी आले की तो आवाज तिच्या मागून मोठ्याने ‘थांब ना’ म्हणू लागत होता. एक मर्यादा पाळल्याबरोबर तो आवाजच धोका बनला. हा खर्डा मी एका रात्रीत संपवला.

आपल्या पुस्तकावर हीच कसोटी लावता येईल. १६० व्या पानापासून मागे जा आणि आवाज ऐकू येण्याचे प्रत्येक प्रसंग शोधा. तेवढेच वाचायला अर्धा तास पुरे होईल. आवाज काय जाणतात, काय जाणत नाहीत आणि नायिकेला त्यांची काय किंमत मोजावी लागते, हे आपल्याला दोन वाक्यांत लिहिता आले तर पुस्तकाची रचना शाबूत आहे आणि अडचण अन्यत्र आहे. लिहिता आले नाही, किंवा ९० व्या पानावरचे वाक्य १५० व्या पानावर खोटे ठरत असेल, तर आपली पकड सुटण्याचे कारण आपल्याला मिळाले. पुढच्या १९० पानांत ते बरे होण्याची शक्यता थोडी असते, कारण शेवटाकडे लेखकाला सोयीची गरज वाढत जाते.

येथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे, कारण विसंगती दिसली की पुस्तक मिटावे असा माझ्या बोलण्याचा अर्थ कोणी घेऊ नये. काही वर्षांपूर्वी एक हस्तलिखित मी ९० व्या पानावर बाजूला ठेवले आणि निष्काळजी लेखन असा शेरा मारला. नायिकेचा धाकटा भाऊ एका प्रकरणात आठ वर्षांचा होता आणि दुसऱ्यात अकरा. माझ्या एका सहकाऱ्याने ते पुढे वाचले आणि माझ्याकडे परत आणून ७४ वे पान उघडून दाखवले. दाराच्या चौकटीवर भावाची उंची दाखवणाऱ्या पेन्सिलच्या रेघा होत्या आणि आठव्या वाढदिवसाच्या रेघेच्या वर एकही रेघ नव्हती. ते वाक्य मी वाचले होते आणि तसेच पुढे गेले होते. तो मुलगा आठव्या वर्षी गेला होता. आई अजूनही त्याचे वय मोजत होती, आणि ज्या प्रकरणांत तो आठ वर्षांचा होता त्यांत नायिकेखेरीज कोणीही त्याच्याशी बोलत नव्हते. तेव्हापासून मी विसंगती दिसली की आधी पाहते, की ती पुस्तकाच्या स्वतःच्या लक्षात आली आहे का. एखादे पात्र तिच्यापाशी अडखळते का, एखादी वस्तू, एखादी रेघ तिच्याकडे बोट दाखवते का? तसे असेल तर थांबावे आणि लेखकावर विश्वास ठेवावा. सगळी पात्रे तिच्यावरून काहीच न घडल्यासारखी चालत गेली, तर ती चूकच असते.

काही दोष या प्रकाराच्या साच्यातूनच येतात, त्यांच्याविषयी थोडक्यात सांगते. प्रकरणे सहा-सात पानांची आणि प्रत्येकाचा शेवट उत्कंठेवर. नायिकेच्या खांद्यावर कोणाचा तरी हात पडतो आणि प्रकरण संपते, पुढचे प्रकरण उघडावे तर तो हात मैत्रिणीचा असतो. असे एकदा चालते. तिसऱ्यांदा झाले की वाचकाचे मन प्रकरणाच्या शेवटावर विश्वास ठेवणे बंद करते, आणि मग खरा हात पडतो तेव्हाही आपण शांतपणे दिवा मालवून झोपतो. दुसरा दोष प्रेमकथेच्या वेळेचा आहे. मुले नाहीशी होत असताना नायिका दोन मुलांपैकी कोण आवडतो याचा चाळीस पाने विचार करते, तेव्हा त्या प्रेमात काही वावगे नसते, परंतु धोक्याचे घड्याळ तेवढा वेळ बंद ठेवलेले असते. कथानक रेंगाळते अशी तक्रार वाचक करतात, तेव्हा मी सर्वप्रथम ही चाळीस पाने शोधते. आणि हा मालिकेतला पहिला भाग आहे का, तेही पाहून घ्या. तसे असेल तर काही धागे मुद्दाम सोडलेले असणार, आणि ३५० वे पान गाठूनही आपल्याला पुरता शेवट मिळणार नाही.

यानंतरची गोष्ट अधिक नाजूक आहे, आणि आपल्याच वयाविषयीची आहे. हे लेखन साधारण १२ ते १८ वयाच्या वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते, पण ते प्रौढही मोठ्या प्रमाणावर वाचतात. अमेरिकेत बाउकर या संस्थेने २०१२ साली केलेल्या पाहणीत अशा पुस्तकांच्या खरेदीदारांपैकी ५५ टक्के लोक १८ किंवा त्याहून अधिक वयाचे होते. तेव्हा आपण चुकीच्या दालनात शिरला आहात असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु आपण लिहिले आहे, की नायिका हे सगळे पोलिसांना किंवा आईला का सांगत नाही, या विचाराने आपली चिडचिड होत होती. हा आक्षेप पुस्तकावर नोंदवण्यापूर्वी ते प्रसंग पुन्हा पाहा. सोळाव्या वर्षी माणसाला छळणारी भीती मरणाची कमी आणि आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही याची अधिक असते. चांगल्या किशोर कादंबरीत भूत बहुतेक वेळा या भीतीला शरीर देण्यासाठी येते. जे मला स्पष्ट ऐकू येते ते मोठ्यांना ऐकू येत नाही, ही तक्रार त्या वयातल्या प्रत्येक मुलाची आहे, भुतांशिवायही. नायिकेने एकदा तोंड उघडून पाहिले असेल, तिला हसून किंवा समजूत घालून परत पाठवले गेले असेल आणि म्हणून ती गप्प असेल, तर लेखिकेने आपले काम चोख केले आहे आणि चिडचिड आपल्या वयाची आहे. तिने प्रयत्नच केला नसेल आणि आईबाप केवळ कथानकाच्या सोयीसाठी घराबाहेर ठेवले असतील, तर आपली चिडचिड रास्त आहे.

आता वाचनाच्या रीतीबद्दल. तीन आठवड्यांत २० पाने म्हणजे दिवसाला एक पानही नाही. कोणतीही थ्रिलर या गतीने वाचली तर मरते, कारण तिचा ताण पानांमध्ये नसतो, पानांच्या सलगपणात असतो. झोप डोळ्यांवर आलेली असताना दोन परिच्छेद वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी ते विसरून गेल्यामुळे पुन्हा वाचायचे, या चक्रात मी स्वतः चांगली हस्तलिखिते कंटाळवाणी ठरवली आहेत आणि नंतर दिवसाउजेडी वाचून मत बदलले आहे. म्हणून कसोटी लावून झाल्यावर एका सकाळी, ताज्या मनाने, १६० पासून १९० पर्यंतची ३० पाने एका बैठकीत वाचा. त्यात एकदाही वेळेचे भान हरपले नाही, तर पुस्तकाला पुरेशी संधी देऊन झाली असे समजा.

त्यानंतर शेवटचे प्रकरण वाचायला माझी हरकत नाही. माझ्या क्षेत्रातले काही लोक याला पाप समजतात हे मला ठाऊक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांना एकंदरीत अधिक आवडल्या होत्या. त्या लघुकथा होत्या, म्हणून ३५० पानांच्या कादंबरीला तो निष्कर्ष सरळ लावता येणार नाही. पण शेवट कळला की सगळेच संपते, ही समजूत तरी त्याने सैल व्हावी. शेवटचे प्रकरण वाचून आपल्या मनात हे असे कसे झाले असा प्रश्न उभा राहिला, तर मधली पाने वाचण्याचे कारण आपल्याला सापडले. नुसतेच ‘अच्छा’ म्हणून पुस्तक मिटले गेले, तर तोही निर्णयच आहे.

ही सगळी तपासणी एका परिस्थितीत मी करायला सांगणार नाही. या प्रकारच्या पुस्तकांत स्वतःला इजा करून घेणे, छळ, जवळच्या माणसाचा मृत्यू असे विषय वारंवार येतात. वाचताना भीतीपेक्षा वेगळे, छातीत दाटून येणारे काही होत असेल, आपल्याच आयुष्यातले काही त्या पानांवर येऊन उभे राहत असेल, तर त्याच ओळीवर पुस्तक बंद करावे. मुलांनाही मी हेच सांगते, आणि त्यासाठी त्यांच्याकडून कारण मागत नाही.

लेखिकेवरच्या अन्यायाबद्दल आपण विचारले आहे. पुस्तक अर्धवट राहिल्याने तिच्यावर अन्याय होत नाही. न वाचलेल्या पानांविषयी वाचल्यासारखे बोलले गेले, तर मात्र होतो, आणि असे बोलणे आपल्याला वाटते त्याहून सहज घडते. ‘शेवट गुंडाळलेलाच असणार’ हे वाक्य १६० व्या पानावर थांबलेल्या माणसाला उच्चारता येत नाही. ‘१६० पानांपर्यंत वाचले, आवाजांना काय ठाऊक असते हे ठरलेले दिसले नाही, म्हणून तिसरी मुलगी नाहीशी झाली तेव्हा मला धाकधूक वाटली नाही’, हे वाक्य मात्र पूर्णपणे आपल्या अधिकारातले आहे. त्यात किती वाचले ते आहे, कोणता प्रसंग ते आहे आणि आपल्याला काय झाले तेही आहे. ‘रटाळ आहे’ या शब्दांतून लेखिकेच्या हाती काहीच लागत नाही. या वाक्यातून तिला पुढच्या पुस्तकासाठी काम मिळते. तारे किंवा गुण देणे मात्र टाळावे, कारण ते संपूर्ण पुस्तकाला दिले जातात आणि आपण संपूर्ण पुस्तक पाहिलेले नाही. आमच्या व्यवसायात अभिप्रायाच्या माथ्यावर कोणत्या पानापर्यंत वाचले तो आकडा लिहिण्याची पद्धत मी स्वतःपुरती कसोशीने पाळते, आणि तो आकडा पाहून रागावलेला लेखक मला अजून भेटलेला नाही. वाचलेच नाही आणि लिहिले, असा संशय आलेले लेखक मात्र रागावलेले पाहिले आहेत, आणि त्यांचा राग योग्य होता.

राहता राहिली भाची. तिला ‘छान आहे गं, वाचते आहे अजून’ असे सांगून दिवस ढकलू नका. त्या वयाच्या मुलांना हे ताबडतोब कळते, आणि आवडते पुस्तक पुढे करण्याची त्यांची हिंमत त्यानंतर कमी होते. कोणत्या पानावर थांबलात ते तिला सांगा आणि तिला विचारा, की त्या पानापाशी ती आली तेव्हा तिला पुढे का जावेसे वाटले. कदाचित ती आवाजांविषयी असे काही सांगेल जे आपल्या नजरेतून निसटले आहे, माझ्या नजरेतून जशा पेन्सिलच्या रेघा निसटल्या होत्या. कदाचित ती आवाजांबद्दल काहीच बोलणार नाही, आणि नायिकेवर कोणीच विश्वास ठेवत नाही त्या प्रसंगाबद्दल बराच वेळ बोलेल. तसे झाले तर मध्ये पुस्तकाचे गुणदोष आणू नका, ऐकत राहा. पुस्तक परत करताना खूण काढू नका. ती १६० व्या पानावरच असू द्या, म्हणजे आपल्या मावशीने कोठवर वाचले होते हे तिला दिसेल, आणि तिला हवे असेल तर तेथून पुढची पाने ती आपल्याला स्वतः वाचून दाखवू शकेल.